मदत हवी आहे: निवृत्त सैनिकांना चिप कारखान्यातलं काम शिकवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

निवृत्त झालेल्या आणि होऊ घातलेल्या सैनिकांना सेमीकंडक्टर फॅबमध्ये, म्हणजे चिप कारखान्यात, इक्विपमेंट टेक्निशियन (यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे) म्हणून उभं करायचं, असा एक अभ्यासक्रम आखायचं काम माझ्याकडे आलंय. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, पण फॅबमध्ये नोकरी केलेली नाही. म्हणून हा धागा.

वर्गात रडार दुरुस्त केलेले आहेत, विमानांची हायड्रॉलिक्स सांभाळलेले आहेत, जहाजावरचे कॉम्प्रेसर बघितलेले आहेत, काही सिग्नलवाले आहेत. 'यांना शिस्त असते, रात्रपाळीला कुरकुरत नाहीत' असं जो तो सांगतो. असेल, पण तेवढ्यावर अभ्यासक्रम उभा राहत नाही.

तांत्रिक भागाची मला फारशी काळजी नाही. प्लाझ्मा एचिंगच्या (विद्युतभारित वायूने चिपवरचे थर कोरण्याच्या) मशीनला बहुतेक ठिकाणी १३.५६ मेगाहर्ट्झचा आरएफ (रेडिओ लहरींचा) पुरवठा असतो आणि जनरेटर व चेंबर यांच्यामध्ये दोघांचा मेळ घालणारं मॅचिंग नेटवर्क. रिफ्लेक्टेड पॉवर (जनरेटरकडे परत फिरणारी शक्ती) वाढली की कुठे हात घालायचा, हे रडारवाल्याला मी काय सांगणार! व्हॅक्यूम मात्र बहुतेकांना नवं आहे. ७६० टॉरवरून, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबावरून, काही मिलिटॉरवर (टॉरच्या हजाराव्या भागांवर) यायचं म्हणजे काय, पंप चालू असूनही दाब एका जागी का अडकतो, गळती आणि आत चिकटलेली वाफ यांतला फरक कसा ओळखायचा, यात वेळ जातो. जाऊ दे.

खरी अडचण वेगळी आहे. सरावासाठी एका छोट्या व्हॅक्यूम चेंबरच्या फ्लँजमध्ये (जोडाच्या कडेत) मुद्दाम चिरलेली ओ-रिंग (हवाबंद करणारी रबरी कडी) बसवली होती. एका गृहस्थांनी गळती लगेच हुडकली, रिंग पुसली, बोटभर ग्रीस लावलं, क्लँप करकचून आवळला. दाब झरझर उतरला, वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाजूच्या कार्डावर लिहिलं होतं: रिंग बदला, नोंद करा, गळती पुन्हा तपासा. मी ते दाखवल्यावर म्हणाले, "सर, चालतंय ना?"

आता यावर काय बोलायचं? आघाडीवर सुटा भाग मिळत नसताना यंत्र चालू केलं, तर शाबासकीच मिळते. फॅबमध्ये इंटेलच्या 'कॉपी एक्झॅक्टली'सारखी धोरणं असतात, एका कारखान्यात बसवलेली प्रक्रिया दुसऱ्यात तंतोतंत तशीच. ही जुगाडाची सवय कशी मोडायची? अमेरिकेत ॲरिझोनातल्या मॅरिकोपा कॉलेजांचा टेक्निशियन क्विक स्टार्ट अभ्यासक्रम १० दिवसांचा आहे, पेन स्टेट विद्यापीठाचा माजी सैनिकांसाठीचा अभ्यासक्रम १२ आठवड्यांचा. मला मिळणारा वेळ या दोहोंच्या मधला आहे. फॅबमध्ये काम करणाऱ्यांनी आणि स्वतः फौजेतून या क्षेत्रात आलेल्यांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद: एचबे_रात्रपाळी

ते ग्रीस वाचून अंगावर काटा आला!

तुमच्या गृहस्थांना 'नियम आहे म्हणून' असं सांगू नका, परिणाम दाखवा. चुकीचं ग्रीस व्हॅक्यूममध्ये हळूहळू वाफ सोडतं, ते वेफरवर (ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर) बसतं. मशीन हिरवा दिवा दाखवत राहतं. एका फूपमध्ये (वेफर ने-आण करायच्या बंद डब्यात) २५ वेफर, अशा कित्येक फूपमधले वेफर दिवसभर त्याच चेंबरमधून जातात. पुढे शेकडो प्रक्रिया बाकी असतात, त्यामुळे खराबी कळेपर्यंत आठवडे उलटतात. मग इंजिनिअर मंडळी नोंदी उलगडून बघतात की त्या काळात कुठल्या मशीनला कोणी हात लावला. नोंदच नसेल तर भलत्याच मशीनची चिरफाड सुरू होते.

वर्गात करून बघा: एका गटाने दुरुस्ती करायची आणि निघून जायचं. दुसऱ्या गटाने 'पाळी बदलली' असं समजून फक्त नोंदवहीवरून पुढचा दोष शोधायचा, पहिल्या गटाला विचारायची मुभा नाही. पहिल्यांनी गुपचूप काही केलं असेल तर दुसरे चरफडतात. तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

प्रतिसाद: जुना_वायुसैनिक

धागाकर्त्यांशी थोडा असहमत. फौज म्हणजे जुगाड हे अर्धंच खरं. विमानाच्या देखभालीत प्रत्येक बोल्टचा टॉर्क ठरलेला, काम एकाने करायचं आणि तपासून सही दुसऱ्याने. पेटीतला एक पाना सापडत नसेल तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. मी तिथून फॅबमध्ये आलो तेव्हा कागदपत्रं बघून घरी आल्यासारखं वाटलं. तुमच्या हायड्रॉलिक्सवाल्यांना गटप्रमुख करा, बाकीचे त्यांचं ऐकतील. सवय मोडण्यापेक्षा कुठली सवय वर काढायची ते बघा.

एक गोष्ट मात्र कडक शिकवा: दुखणं लपवायचं नाही. सोसायची सवय आमच्यात मुरलेली असते. फॅबमध्ये वापरलं जाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल पातळ असेल तर लागल्यावर लगेच दुखतही नाही, काही तासांनी कळ येते, तोवर फ्लोराइड आत उतरून शरीरातलं कॅल्शियम खात असतं. थेंब उडाल्याची शंका आली तरी लगेच पाण्याखाली धरायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावायचं, ओरडून सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा. 'किरकोळ आहे' म्हणणारा माणूस तिथे धोकादायक.

प्रतिसाद: उगाच_एक

म्हणजे गळती चुटकीसरशी शोधणारा नापास आणि कार्ड वाचत बसलेला पास? वा!

प्रतिसाद: एचबे_रात्रपाळी

@उगाच_एक, शोधण्याचे पूर्ण गुण द्या की! कापायचे ते पुढच्या ग्रीसचे. असं नाक असलेला माणूस आम्हाला हवाच असतो.

धागाकर्ते, जमलं तर एखादा जुना हीलियम लीक डिटेक्टर मिळवा, सांध्यांवर बाहेरून हीलियम फवारला की तो आत शिरतो का ते दाखवणारं यंत्र. हीलियम हलका, वर जातो, म्हणून फवारणी वरच्या सांध्यापासून सुरू करायची. खालून केली तर वरची गळती खालच्या सांध्याच्या नावावर चढते. तोंडी सांगून हे डोक्यात बसत नाही.

प्रतिसाद: जुना_वायुसैनिक

राहिलंच. बायोडेटामध्ये युनिटची नावं आणि हुद्दे लिहून उपयोग नाही, मुलाखत घेणाऱ्याला कळत नाहीत. 'अमुक प्रकारच्या रडारचा ट्रान्समीटर सांभाळला, दोष शोधून मॉड्यूल बदलले, नोंदी ठेवल्या' असं कामाच्या भाषेत लिहून घ्या. आणि पाळीचा प्रमुख वयाने पोराएवढा असू शकतो, हे आधीच कानावर घाला. माझा होता. कामात पक्का होता, त्यामुळे निभावलं.

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळी बदलण्याचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात घेतो. हायड्रॉलिक्सवाल्यांबद्दलचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता, गट नव्याने पाडतो. आम्लाचा धडा प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या आधी.

आता एकच मागणं. पाळी सोपवतानाच्या नोंदीचा रिकामा नमुना कोणी देऊ शकेल का? कंपनीची मालमत्ता असेल तर अजिबात नको, रकाने कुठले असतात तेवढं इथे लिहिलंत तरी पुरे. 'काय केलं' आणि 'काय करायचं ठरवलं पण केलं नाही' असे दोन वेगळे रकाने असतात का?