‘साबर बोंडं’ पाहिल्यावर: तुमच्या घरातलं लिहा

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ (म्हणजे निवडुंगाची फळं) हा सिनेमा सप्टेंबर २०२५मध्ये आपल्याकडे थेटरांत लागला. त्याआधी जानेवारीत त्याला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, त्यावर भरपूर लिहून झालंय. मला सिनेमाच्या आतलं बोलायचंय. वडील जातात, मुंबईचा समलैंगिक आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो आणि सुतकातच नातेवाईक लग्नाचा विषय काढतात. कानवडे यांच्यावर स्वतःचे वडील गेले तेव्हा हीच वेळ आली होती. कथा तिथूनच सुचली. त्या दिवसांत आनंदला आधार मिळतो तो बाळ्याचा, लहानपणच्या मित्राचा. त्याच्याही मागे लग्नाचा लकडा लागलेलाच आहे.

तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर लिहा. नावं-गावं नकोत. सुरुवात मी करते; पुढचे अनुभव इतरांनी लिहिलेत.

*

आमच्या अप्पांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. कोणी म्हणालं, नातवंडांत जीव अडकला असेल, कोणी म्हणालं, शेतात. मग मामा माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, "वर्षाच्या आत लग्न करतो म्हण, बघ कसा शिवतो." सगळा घाट त्याच्याकडे बघायला लागला. त्याने हात जोडले आणि "अप्पा, आईला अंतर देणार नाही," एवढंच म्हणाला. कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

भावाचा मित्र सगळा वेळ पायऱ्यांवर कोरडे टॉवेल घेऊन उभा होता. पानं वाढायला, सतरंज्या उचलायला तोच पुढे. "कोण हा?" असं कोणी विचारलं की मी "ऑफिसातला" म्हणायचे. आता "आमच्या घरातला" म्हणते.

*

माझं वय पासष्टच्या पुढे. आम्ही दोघं एकाच फ्लॅटमध्ये राहायचो, सोसायटीत 'ते दोघे मित्र' म्हणून सगळ्यांना ठाऊक. तो गेल्यावर पेपरात आलं, "त्यांच्या मागे भाऊ, भावजय, पुतणे असा परिवार आहे." छापलं ते खोटं नव्हतं. पण त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या रोज डबीत भरणारा मी त्यात कुठेच नव्हतो. भेटायला येणारे पुतण्याचं सांत्वन करत, मी आतून चहा आणून देत होतो.

त्याने मृत्युपत्र रजिस्टर करून ठेवलं होतं म्हणून डोक्यावर छप्पर राहिलं. तरुण मंडळींनो, ही कामं लांबणीवर टाकू नका. २०१८ साली समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून आपली सुटका झाली, पण २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क दिला नाही, त्यामुळे कागदोपत्री आपण एकमेकांचे कोणीच लागत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. बँकेत जा, मृत्युपत्रही करा.

*

आमच्या तालुक्याला पिच्चर लागला नाही, शहरात जाऊन बघितला. पार्श्वसंगीत नाही, नुसता शेतातला आवाज. बाळ्या काटे काढून बोंडं खायला देतो, तेव्हा मला माझा माणूस आठवला. तो आता दुबईला असतो. माझे वडील गेले तेव्हा त्याने रात्रभर फोन चालू ठेवला होता. बोललो फार नाही. गोठ्यात बसलो होतो, घरात बायका होत्या. अजून लग्न केलेलं नाही. स्थळं येतात, मी नाही म्हणतो.

*

मी आई आहे. सिनेमात जयश्री जगताप यांनी केलेली आनंदची आई बघताना मला धड बसवेना. मुलाचं सगळं तिला माहीत आहे, आणि तरी नातेवाइकांपुढे ती सारवासारव करते. माझंही तेच चाललंय. "त्याला परदेशी जायचंय," "पत्रिका जुळत नाही," एकेक कारण वापरून संपलं. हे होते तेव्हा परस्पर उत्तर द्यायचे, माझ्यापर्यंत यायचंच नाही. आता हे नाहीत. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि मुलगा म्हणतोय, या वेळी तो आणि त्याचा जोडीदार दोघं मिळून येणार. मी हो म्हटलंय. इथे कोणी आया असतील तर लिहा, तुम्ही थोरल्या जावेला कसं सांगितलंत?