मदत हवी आहे: ऑटिझम, बोलणं उशिरा, आधी कोणती थेरपी वाढवावी?

मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. चार महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. बेरा चाचणी झाली आहे, ऐकू नीट येतं. स्वतःहून पाच-सहाच शब्द बोलतो, बाकी आपलंच वाक्य परत म्हणतो. "पाणी हवं का?" विचारलं की तोही "पाणी हवं का?" म्हणतो आणि माझं बोट धरून बाटलीपाशी नेतो. म्हणजे सांगायचं असतं त्याला, शब्द सापडत नाहीत.

स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, तीन महिने चालू आहे. हाक मारली की आता बघतो, पण शब्द वाढले नाहीत. स्क्रीन बंद केल्यावर चिडचिड कमी झाली, बोलण्यात फरक नाही. मिक्सर लागला की कान गच्च दाबून रडतो, म्हणून एकांनी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे आवाज-स्पर्श सहन होणं आणि रोजची कामं जमणं यासाठीची थेरपी) सुचवली. दुसरीकडे आठवड्याला २० तास एबीए (वागणं-बोलणं टप्प्याटप्प्याने, शाबासकी देत शिकवणारी थेरपी) सांगितलं, पण तिथे पालकांना आत बसू देत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही.

आम्ही दोघंही नोकरी करतो, आठवड्याला चारच सत्रं जमतील. घरी रोज तासभर मी बसू शकते. स्टेम सेल किंवा डाएट कृपया सुचवू नका, डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलंय.

उरलेली दोन सत्रं ओटीला द्यावी की स्पीचच वाढवावं? आणि हवं ते दाखवून मागायला चित्रकार्डं दिली तर बोलायचा कंटाळा करेल असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण ज्यांनी वापरली त्यांनी सुरुवात नेमकी कशी केली, किती कार्डांपासून?