पहिल्यांदा ॲनिमे संमेलनाला येणाऱ्या मैत्रिणीला ‘आधी हे पाहून ये’ असे सांगावे का?

कोथरूडकर (मूळ विषय)

आमच्या मित्रमंडळात सध्या एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. पुण्यातल्या इतर चाहत्यांपुढेही तो कधी ना कधी आलेला असणार, म्हणून येथे सविस्तर मांडतो. आमच्यातले बहुतेक जण शाळेपासून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट, पाहणारे आहेत. एका मैत्रिणीने मात्र लहानपणी हंगामा वाहिनीवर लागणाऱ्या ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’पलीकडे काही पाहिलेले नाही, आणि तरीही तिला यंदा आमच्याबरोबर ॲनिमे संमेलनाला यायचे होते. तेव्हा गटातल्या काहींनी तिच्या हाती मालिकांची यादी दिली आणि ‘निदान एवढे तरी पाहून ये, नाहीतर तिथे तुला काहीच कळणार नाही’ असे बजावले. यादी वाचून तिने बेतच रद्द केला.

माझे मत स्पष्ट आहे: अशी यादी देऊ नये. त्या यादीत ‘वन पीस’ होती. ऑक्टोबर १९९९ पासून चालू असलेल्या या मालिकेचे अकराशेहून अधिक भाग झाले आहेत. म्हणजे नोकरी सांभाळून कोणी रोज नेमाने तीन भाग पाहिले, तरी पूर्ण वर्ष त्यातच जाईल. संमेलन दोन महिन्यांवर आलेले असताना ही यादी देणे म्हणजे येऊ नकोस असे सांगण्यासारखेच आहे, मग देणाऱ्याच्या मनात तसे नसले तरीही.

डिसेंबरात ‘सवाई गंधर्व’ला जाणाऱ्या किती जणांना राग ओळखता येतो? पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवात प्रवेशद्वाराशी कोणाची परीक्षा होत नाही. कोणीतरी मामा, काकू किंवा शेजारी पहिल्यांदा घेऊन जातात आणि त्यांच्या शेजारी बसून कान हळूहळू तयार होतो. पुण्यात गाणे ऐकणारी पिढी अशीच घडली. मग ॲनिमेच्या बाबतीत आपण आधी अभ्यास का मागतो? माझ्या मते यादी करण्यात घालवलेला वेळ जाणकार मित्रांनी संमेलनात पहिले दोन तास तिच्याबरोबर फिरण्यात घालवावा, म्हणजे तिला अधिक कळेल.

चिंचवडची कॉस्प्लेअर

मी आपल्याशी सहमत नाही, आणि महोत्सवाची तुलना मला मुळातच लागू पडत नाही असे वाटते. तिथे श्रोता आपल्या जागी बसतो, त्याला राग कळला नाही तरी गाणाऱ्याचे काही बिघडत नाही. संमेलनात येणारा मात्र माणसांच्या मधून चालतो, आणि त्यातली अनेक माणसे कित्येक महिन्यांची मेहनत अंगावर घालून उभी असतात.

मी कॉस्प्ले करते, म्हणजे व्यक्तिरेखेसारखा पोशाख करून येते, आणि माझे पोशाख चिलखती असतात, म्हणून त्याबद्दल नेमके सांगते. इव्हा फोमची (हलक्या, लवचीक फोमची) शीट पॅटर्नप्रमाणे कापायची, हीट गनने तापवून गुडघ्यावर दाबून तिला खांद्याचा किंवा छातीचा बाक द्यायचा, कडांना चिकटवणारे लावून ते सुकेपर्यंत थांबायचे आणि मगच जोड दाबायचा. त्यावर लेप, मग रंग, मग जुनेपणा दाखवणारे ओरखडे. हा जोड समोरून भक्कम दिसतो, पण गर्दीत कोणी ‘हे खरे लोखंड आहे का’ म्हणून बोट घालून ओढले, की कड सुटते आणि ती दुरुस्ती तिथे उभ्याउभ्या होत नाही. विगचेही तसेच आहे. न विचारता मागून फोटो काढणे, खांद्यावर हात टाकून सेल्फी घेणे, पोशाख तोकडा आहे म्हणून शेरे मारणे, हे सगळे मी आणि माझ्या मैत्रिणींनी सोसलेले आहे, आणि तसे करणारे बहुतेक जण ‘मित्रांबरोबर सहज आलेले’ असतात.

तोक्योतले कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळा, १९७५ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिथे एक विचार जपला जातो, की येणाऱ्यांत ग्राहक कोणी नाही, विकणारा, घेणारा आणि स्वयंसेवक हे सगळेच सहभागी. तिथे पोशाख घालून रस्त्यावरून येण्यास मनाई आहे; आत येऊन ठरलेल्या जागीच कपडे बदलावे लागतात, कारण आसपास राहणाऱ्या लोकांचाही विचार केलेला आहे. सहभागी म्हणून यायचे तर थोडी तयारी करूनच यायला हवे. अकराशे भागांची सक्ती मीही करणार नाही. बारा भागांचा एक हंगाम पाच तासांच्या आत पाहून होतो. ज्या कलेच्या मेळ्याला आपण तिकीट काढून जाणार आहोत, तिच्यासाठी एक रविवारची दुपार देणे जड आहे का?

एरंडवण्यात जपानी शिकणारा

वरील प्रतिसादातला प्रत्येक अनुभव मला पटतो, निष्कर्ष मात्र पटत नाही. मालिका पाहिल्याने वागणूक सुधारते, याला आधार काय? विग ओढणाऱ्यांत शेकडो भाग तोंडपाठ असलेले लोकही असतात. किंबहुना ‘ही माझी आवडती व्यक्तिरेखा’ या भावनेतून सलगी करणारे तेच अधिक असतात, असे मी पाहिले आहे. आपली तक्रार नियम न पाळण्याबद्दल आहे, तेव्हा नियम सांगा. फोटोआधी विचारणे, परवानगीशिवाय हात न लावणे, नकली शस्त्र आत नेण्याआधी स्वयंसेवकांकडून तपासून घेणे, हे मेट्रोने जाताजाता दहा मिनिटांत सांगून होते.

आणखी एक गोष्ट पुण्यापुरती सांगतो. आपल्या शहरात जपानी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे, आणि जुलै व डिसेंबरमध्ये होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला येथील केंद्रावर मोठ्या संख्येने विद्यार्थी बसतात. माझ्या वर्गात काही जण कंपनीच्या कामासाठी आले आहेत आणि काही ॲनिमेमुळे. या दुसऱ्या प्रकारातल्या अनेकांची सुरुवात कोणीतरी मित्र कुठेतरी घेऊन गेला म्हणून झाली. ज्या मुलीने आज यादी पाहून माघार घेतली, ती कदाचित दोन वर्षांनी माझ्या शेजारच्या बाकावर बसली असती. असे लोक आपण दाराबाहेर ठेवले तर नुकसान आपलेच आहे.

एक पालक, सहकारनगर

माझा मुलगा दहावीनंतर अशा संमेलनाला मित्रांबरोबर जाऊ लागला, म्हणून हा विषय वाचला. आमच्या पिढीला या बाबतीत नवखे म्हणावे का, याबद्दल मला शंका आहे. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी सगळे घर ज्या मोगलीची वाट पाहायचे, ती मालिका १९८९ ची जपानी निर्मिती होती. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी भारतीय कलावंतांच्या साथीने केलेला रामायणावरील ॲनिमेपट जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा मुलानेच आम्हा दोघांना नेले, आणि कसलीही यादी न वाचता आम्हाला सगळे कळले.

मला काळजी वेगळी आहे. आत गेल्यावर नवख्या मुलाचे पैसे पहिल्या अर्ध्या तासात संपतात, फोनला रेंज मिळत नाही, आणि मित्र विखुरले की तो कुठेतरी भिंतीला टेकून उभा राहतो. खर्चाची मर्यादा घरून ठरवून निघावे आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधी पक्की करावी, एवढे मित्रांनी केले तरी पालक निर्धास्त होतील.

एकट्याने जाणारा

येथे सगळ्यांनी गृहीत धरले आहे की नवख्याने गटाबरोबरच जावे. वाद आहे तो केवळ तयारीचा. मला हे गृहीतकच मान्य नाही. नवख्या माणसाचा पहिला अनुभव बिघडवण्याचे काम जाणकार मित्रांचा गट जितक्या सहज करतो तितके दुसरे कोणी करत नाही, आणि तेही अत्यंत प्रेमाने.

गट चालतो तो त्यातल्या सर्वांत उत्साही माणसाच्या पावलांनी. त्याला हव्या त्या स्टॉलवर सगळे थांबतात, त्याला नको तिथून सगळे पुढे निघतात. चित्रकारांच्या टेबलांची रांग पाहा: तिथे एखादी मुलगी आपण काढलेली चित्रे, स्टिकर आणि चावीच्या साखळ्या मांडून बसलेली असते, आणि ती चित्रे लोकप्रिय व्यक्तिरेखांची असतीलच असे नाही, कधी तिने स्वतः रचलेल्या गोष्टीतली माणसे असतात, कधी पावसातली लक्ष्मी रोडवरची दुकाने. काही माहीत नसलेला माणूस तिथे थांबतो, कारण त्याला चित्र आवडते. जाणकार थांबत नाही, कारण त्याला त्यात ओळखीचे कोणी दिसत नाही. म्हणजे जे पाहण्यासाठी नवखे डोळे उपयोगी, तिथूनच गट त्याला ओढून पुढे नेतो.

त्यात कथानक फुटण्याचा धोका निराळा. ‘हा शेवटी मरतो’ हे वाक्य गटातले कोणीतरी पोस्टरकडे बोट दाखवून हमखास बोलते, आणि ज्याने मालिका पाहिलेली नाही त्याच्यासाठी ती तिथेच संपते. म्हणून जाताना एकत्र जावे, आत शिरल्यावर नवख्याला निदान काही वेळ मोकळे सोडावे, आणि जेवायला पुन्हा भेटावे.

कोथरूडकर

मोकळे सोडण्याची सूचना मला अर्धीच मान्य आहे. चित्रकारांच्या टेबलांबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, आणि मैत्रिणीला मी तिथे तिच्या गतीनेच चालू देईन. मात्र अनोळखी, गजबजलेल्या सभागृहात दारातूनच एकटे सोडणे सर्वांना मानवत नाही. जो एकट्याने जाणारा आहे त्याला ते स्वातंत्र्य वाटते, इतर कोणाला तेच टाकून दिल्यासारखे वाटू शकते. यांपैकी आपली मैत्रीण कोण, हे तिला विचारल्याशिवाय कसे कळणार? आमच्या गटाने यादी दिली, पण तिला संमेलनात काय पाहायचे आहे हे एकदाही विचारले नाही, आणि माझा मूळ आक्षेप त्यालाच आहे.

चिंचवडच्या ताईंनी सोसलेले प्रकार वाचून वाईट वाटले. नियम आधी सांगण्याची जबाबदारी नेणाऱ्याची आहे, हे मी पूर्णपणे मानतो. माझ्याबरोबर आलेल्या माणसाने कोणाचा जोड उखडला तर माफी मीही मागितली पाहिजे आणि भरपाईचेही मीच पाहिले पाहिजे. पण पाच तासांच्या मालिकेची अट मला अजूनही अनावश्यक वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट आपल्याकडे जपानीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला होता, कथेच्या अखेरच्या टप्प्यावर सुरू होणाऱ्या त्या चित्रपटाला माझ्या कार्यालयातले काही सहकारी मागचे काहीही न पाहता गेले. त्यांना सगळे संदर्भ लागले नाहीत, पण आता ते पहिल्या भागापासून पाहत आहेत. आधी ओढ लागली आणि मग माहिती आली, तरी काही बिघडत नाही.

चिंचवडची कॉस्प्लेअर

नेणाऱ्याने जबाबदारी घ्यावी हे आपण मान्य केलेत, त्याबद्दल आभारी आहे. तेवढे सगळ्यांनी केले तर माझी निम्मी तक्रार मिटेल. नियमांचा आणि मालिकेचा संबंध नाही, हा एरंडवण्याच्या मित्राचा मुद्दाही मला मान्य आहे.

तरी एका मालिकेबाबतचे म्हणणे मी सोडत नाही, आणि त्याचे कारण आता वेगळे देते. दुपारी मंचावर कॉस्प्लेची स्पर्धा होते. स्पर्धकाला थोडाच वेळ मिळतो, आणि तेवढ्यात तो एखादा प्रसंग उभा करतो: तलवार म्यानात परत जाताना क्षणभर थांबलेला हात, मान वळवण्याची लकब. ज्याला तो प्रसंग ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा येतो, सभागृह एकदम ओरडते, आणि ज्याला ठाऊक नाही तो शेजाऱ्याकडे पाहून उशिरा टाळ्या वाजवतो. त्या गर्जनेत आपल्या मैत्रिणीने एकदा तरी आतून सामील व्हावे, एवढीच माझी इच्छा आहे. मालिका कोणती, हे आपण ठरवू नका. चार मालिकांचे पहिले भाग तिच्यासमोर लावा आणि तिला जी पुढे पाहावीशी वाटेल ती पाहू द्या. एकही वाटली नाही, तरी तिला घेऊन या आणि चिलखत कसे केले हे विचारायला माझ्याकडे पाठवा.