विजयदुर्गच्या लढाईच्या तैलचित्राची प्रतिकृती वाचनालयात लावावी का?

खाडीपलीकडचा (देवगड तालुका)
सर्वांना नमस्कार. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराने आंग्र्यांच्या ताब्यातला विजयदुर्ग घेतला, त्या प्रसंगाचे डॉमिनिक सेरेस याने १७७१ मध्ये रंगवलेले तैलचित्र ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. त्याची हाताने रंगवलेली प्रतिकृती आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात लावावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. काही सभासदांना आंग्र्यांच्या आरमाराची राख झाल्याचे चित्र आपल्याच भिंतीवर नको आहे. इतरांच्या मते चित्रकाराला सांगून किल्ल्यावरचे निशाण ठळक करावे आणि एखादे इंग्रज जहाज बुडताना दाखवावे. शिवाय आमच्या जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, त्यामुळे कॅनव्हास टिकेल का, हीही शंका आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गुराबवाला
चित्र जरूर लावावे, पण त्यात एक रेघही बदलू नये. सेरेस हा जन्माने फ्रेंच. पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन तो १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक झाला. लढाईनंतर १५ वर्षांनी, लंडनच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेले हे चित्र आहे, आणि त्या काळचे सागरी चित्रकार अधिकाऱ्यांची टिपणे व जहाजांचे आराखडे समोर ठेवून अशी दृश्ये उभी करीत. त्यामुळे इंग्रज आरमाराचा प्रमुख ॲडमिरल वॉटसन याच्या जहाजांचे तपशील त्यात जितके विश्वासार्ह असतील, तितका किल्ला किंवा आपल्या गुराबा-गलबते (लढाऊ जहाजे) असतीलच असे धरून चालू नये.

बुडते जहाज घालण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण केवळ कलेचे नाही. या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य जमिनीच्या बाजूने इंग्रजांचे मित्र म्हणून उभे होते. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या हाती लागले आणि पुढचे आयुष्य त्यांनी कैदेत काढले. चित्रात खोटे जहाज बुडवले, की ही अवघड बाजू आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. त्यापेक्षा खाली मराठीत सविस्तर पाटी लावावी: तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला आग लागून ती जवळ जवळ नांगरलेल्या आंग्र्यांच्या आरमारात कशी पसरली, जमिनीकडून कोण होते, आणि त्याच वर्षीच्या तहाने किल्ला पेशव्यांकडे कसा गेला, हे सारे तीत यावे. जिंकणाऱ्याने आपल्याला हवे तसे चित्र रंगवून घेणे ही काही इंग्रजांचीच मिरासदारी नव्हे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भित्तिचित्र आहे. त्यात हैदर आणि टिपू डौलाने हत्ती-घोड्यांवर मिरवतात, आणि इंग्रज सेनानी बेली पालखीत हतबल बसलेला दिसतो.

रंगपेटी (सावंतवाडी)
व्यवहाराची बाजू मी सांगतो. प्रतिकृती म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तू प्रत्यक्षात छापील कॅनव्हास असतात, ज्यावर उठाव यावा म्हणून ठिकठिकाणी जाड रंगाचे हात फिरवलेले असतात. आकाशासारख्या सपाट भागावर भिंग धरून पाहावे. बारीक ठिपके दिसले तर ती छपाई समजावी.

जहाजांच्या चित्रात खरी परीक्षा दोरांची असते. डोलकाठ्या, शिडे आणि त्यांना ताणणारे दोर यांचा परस्परसंबंध ज्याला कळत नाही, तो चित्रकार दोर नुसते जाळ्यासारखे ओढून मोकळा होतो, आणि आपल्या किनाऱ्यावरचा कुठलाही जुना तांडेल ते लांबून ओळखेल. म्हणून काम ठरवण्यापूर्वी एकाच जहाजाचा तुकडा अंतिम आकारात नमुना म्हणून रंगवून मागावा. संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रमाण धरू नये, कारण जुने वार्निश पिवळे पडलेले असले तर छायाचित्रातले आकाशही पिवळसर उतरते. तो पिवळेपणा ठेवायचा की नाही, हे आधी ठरवून लेखी द्यावे.

आता ओलीविषयी. जवसाच्या तेलातले रंग हवेतल्या प्राणवायूने घट्ट होतात आणि दमट दिवसांत ही क्रिया मंदावते, म्हणून काम पाऊस सरल्यावर सुरू करावे. वार्निश साधारण सहा महिन्यांनी, रंग आतपर्यंत सुकल्यावरच द्यावे. मागची चौकट सागवानी असावी आणि तिच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असाव्यात, म्हणजे पावसाळ्यात सैल पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणता येतो. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत पूर्ण टाळावी, आतल्या भिंतीवर टांगावे, आणि चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. बुरशी नेहमी मागून धरते. वाळवीसाठी दर पावसाळ्यानंतर चित्र उतरवून पाठ तपासणे इष्ट.

सड्यावरचा
मला विचाराल तर प्रतिकृतीचा खर्चच अनाठायी आहे. त्याच पैशांत सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात शिकलेल्या एखाद्या तरुण चित्रकाराकडून तटावरून दिसणारी लढाई नव्याने रंगवून घ्यावी. आंग्र्यांच्या बाजूने पाहणारे चित्र आपल्याकडे कुणी काढायचे, लंडनने?

गुराबवाला
ही सूचना उत्तम आहे, मात्र ते चित्र सेरेसच्या चित्राशेजारी लागावे, त्याच्याऐवजी नव्हे. नवे चित्र एकटे राहिले तर ज्याला उत्तर दिले ते विधानच पाहणाऱ्याला दिसणार नाही.

रंगपेटी (सावंतवाडी)
खाडीपलीकडचा, आणखी एक. सेरेस १७९३ मध्ये वारला, त्यामुळे मूळ चित्रावर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. परंतु संग्रहालयाने काढलेल्या छायाचित्राच्या वापराला त्यांच्या अटी असू शकतात, तेव्हा मोठ्या आकाराची प्रत त्यांच्याकडूनच रीतसर मागवावी. प्रतिकृती मूळ चित्राच्या मापाची करू नये, थोडी लहान ठेवावी. पाठीवर ती कुणी, केव्हा आणि कशावरून केली हे लिहून घ्यावे, आणि विसार देतानाच शेवटचा हप्ता वार्निशनंतर मिळेल असे चित्रकाराला स्पष्ट सांगावे.