मदत हवी आहे: बील आणि मुख्य नदीतल्या माशांची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातल्या माशांवर प्रबंध करतेय. नदीचं मुख्य पात्र, वाळूच्या किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि बील, म्हणजे पुराने भरणारी तळी, अशा तीन अधिवासांची तुलना करायची आहे.

अडचण जाळ्यांची आहे. मुख्य पात्रात गिलनेट (पाण्यात उभं लावलेलं, माशांचे कल्ले अडकवणारं जाळं) चालतं, उथळ पाण्यात ओढजाळं, पण बीलमध्ये जलपर्णी इतकी दाट की दोन्ही निरुपयोगी. तिथे बायका जाकोई नावाची बांबूची त्रिकोणी टोपली वापरतात. पायाने गवत ढवळायचं, टोपली झटकन वर उचलायची, की तळाशी छोटे मासे आणि मरळीची पिल्लं वळवळताना दिसतात. मरळ, मागूर यांना हवेतला ऑक्सिजन घेता येत असल्याने ते या कोंदट पाण्यातही तगतात. हे मासे गिलनेटच्या भरवशावर मोजणं मला पटत नाही.

पण मग प्रत्येक अधिवासाला वेगळं जाळं वापरलं, तर दिसलेला फरक माशांचा की जाळ्याचा? रेअरफॅक्शनने (प्रजातींच्या संख्येची तुलना करण्याची सांख्यिकी पद्धत) नमुन्यांचा आकार सारखा करता येतो, पण कोणतं जाळं कोणते मासे पकडतं हा फरक तसाच राहतो. शिवाय पावसाळ्यात सगळं पाणी एक होतं, तेव्हा अधिवासांच्या सीमा कुठे आखायच्या?

कोणी गोदावरी, वैनगंगा किंवा इतर कुठे अशी मोजणी केली असेल, तर सगळीकडे सगळी जाळी वापरलीत की फक्त प्रजाती आहे-नाही एवढीच नोंद धरलीत? कृपया सविस्तर सांगा, पाणी ओसरायच्या आत आराखडा ठरवायचा आहे.