विषय: बाबांची फ्रेंच वाइन, शनिवारच्या आत सांगा

नमस्कार मंडळी,
मी कालच पुण्यात पोचले. बाबांना निवृत्तीच्या वेळी त्यांच्या फ्रेंच साहेबांनी दिलेली रेड वाइन अजून कोथरूडच्या घरी शोकेसमध्ये उभी आहे. लेबलवर 'शातो लिंच-बाज, पोयाक, २००५'. शनिवारी बाबांची पंचाहत्तरी. बुचावरची टोपी जरा फुगलेली वाटते. उघडू का, की गेली?

---
ताई, उघडाच. शातो म्हणजे वाइन बनवणारा द्राक्षमळा, पोयाक हे फ्रान्सच्या बोर्दो भागातलं गाव, वाइन मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची, आणि २००५ साल तिथे फार चांगलं गेलं. बोर्दोच्या नामांकित शातोंची १८५५ मध्ये पाच श्रेणींत वर्गवारी झाली, तीत हिची पाचवी श्रेणी. काळजी आहे ती पुण्याच्या मे महिन्याची. अशी बाटली १२-१४ अंशांत, आडवी ठेवतात. उभी राहिली की बूच सुकतं, आणि उन्हाळ्यात वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते. टोपी त्यानेच फुगली असेल.
– बाणेरवाला

---
पाचवी श्रेणी म्हणजे पाचवा नंबर नव्हे, हे मागच्या कोजागिरीला मी सांगितलं होतं! त्या यादीत साठच्या आसपासच शातो आहेत. एका श्रेणीतून वरच्या श्रेणीत गेलेली एकच, मूतों रोथशिल्ड, १९७३ मध्ये. वाइनचा विषय आला की आधी मला विचारत जा.
– काकू

---
काकूंचं बरोबर आहे, पण बेत काय? तांबडा रस्सा असेल तर वाइन नका उघडू. तिखटापुढे तिचा तुरटपणा जिभेवर नुसता चरचरतो. मिरी लावून भाजलेलं मटण करा. आणि फ्रीझरमध्ये अजिबात नको. आमच्या सासऱ्यांनी ठेवली होती, बूच बाहेर येऊन सगळा फ्रीझर लाल.

---
फ्रीझर कोण म्हणालं? साध्या फ्रीजमध्ये तासभर, १६-१८ अंशांवर आली की पुरे. उभीच राहू दे, गाळ तळाशी बसलेला असेल. हळू ओता. व्हिनेगरसारखा वास आला तर मात्र ती गेली.
– बाणेरवाला

---
सगळ्यांचे आभार. मटण मिरीचंच करते. बाबा म्हणतात, वास कसाही येवो, पहिला घोट माझा. एकच अडलंय: जुन्या बुचाचा स्क्रूने भुगा होतो म्हणतात. दोन पात्यांचा ओपनर कर्वेनगरच्या आसपास कुणाच्या आईबाबांकडे आहे का? शुक्रवारी संध्याकाळी मी येऊन घेऊन जाईन.