महाशीरच्या बोटुकलीला सोडण्याआधी प्रवाहात पोहण्याचा सराव कसा द्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पावसाचा जोर ओसरला की आम्ही गावातली काही जणं नीरेच्या वरच्या अंगाला दख्खनी महाशीर माशाची बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडणार आहोत. परवानगीचं काम झालंय. बीज कृष्णा खोऱ्यातल्याच माशांचं आहे, हे आधी पक्कं करून घेतलं. कावेरीत हाच मासा बाहेरून नेऊन सोडला आणि तिथला कुबडवाला महाशीर अजून संकटात सापडला. तसलं काही आपल्या हातून व्हायला नको.

अडचण अशी की ही पिल्लं साचलेल्या पाण्यात, पेलेटवर (तयार खाद्याच्या गोळ्यांवर) वाढलेली आहेत. टाकीवर माणसाची सावली पडली की पळायच्या ऐवजी सगळी वर येतात, कारण सावली म्हणजे खाणं. नदीत ती सावली खंड्याची असेल. आणि महाशीर तर वाहत्या पाण्याचा मासा.

म्हणून गोल टाकीत पंपाचा पाइप कडेला तिरका लावून पाणी फिरवायला सुरुवात केली आहे. सालमनवर जे काम झालंय त्यात सेकंदाला शरीराच्या लांबीइतका ते दीडपट वेग मानवतो असं वाचलं. आमची बोटुकली साधारण 8 सेंटीमीटरची, म्हणजे सेकंदाला 8 ते 12 सेंटीमीटर. थर्माकोलचा तुकडा सोडून, घड्याळ लावून कडेचा वेग तेवढा जमवला. पण मध्यभागी पाणी जवळपास थांबलेलंच असतं आणि बरीचशी पिल्लं तिथेच जमतात. कडेला मोजकीच धडधाकट पोहतात, म्हणजे ज्यांना सरावाची गरज कमी तीच सराव करतात!

मधे जाळीचा पिंप उभा करून कडेने नुसता पट्टा मोकळा ठेवला तर चालेल का? जाळीला घासून खवलं जातील अशी भीती वाटते. दिवसाला किती तास वेग ठेवावा, आणि रात्री पूर्ण बंद करावा का? खाद्य सरावाआधी द्यायचं की नंतर, आणि किती वाढवायचं? एरेटर चालूच असतो, पण दमलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, तेव्हा तेवढा पुरेल का? दमलाय हे ओळखायचं कसं? प्रवाहात मागे लावलेल्या जाळीला माशाची शेपूट टेकली की थांबवावं, इतकंच ऐकून आहे.

मरळ (शिकारी मासा) जाळीपलीकडे ठेवून पिल्लांना भीती शिकवायचा प्रयोग कोणी केला असेल तर तोही सविस्तर लिहा. कार्प नको, महाशीर किंवा डोंगरी ओढ्यातल्या माशांचा अनुभव असलेल्यांनी आवर्जून सांगावं. आणि सराव दिल्यावर लगेच सोडावं की आधी दोन-तीन दिवस नदीतच हाप्यात (जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवावं?